फोल्डरचा मालक

या फोल्डरचा मालक दुसराच कोणी आहे, असं कॉम्प्युटरनं फराहला तोंडावर सांगितलं.

वजनकाट्याचा प्रोग्रॅम होता त्यात. रात्रंदिवस खपून तिनं लिहिलेला, अजून अर्धवट. ती मोहोपाड्याला चुलतबहिणीच्या लग्नाला गेली, तेवढ्यात तिचा भागीदार धनेश यानं तिच्या मशीनवरचं विंडोज पुसून नवं टाकलं. व्हायरस शिरला होता म्हणे! विचारलं नाही, सवरलं नाही. फोल्डर वेगळ्या ड्राइव्हवर होतं म्हणून वाचलं, आणि वर आता त्याचा मालकही बदलला.

"हे काय रं?"

"आगं, काय नाय," धनेश म्हणाला. "विंडोज नवीन हाय ना, त्याला तू परकीच. जुनी फराह येगळी नि ही येगळी, असं वाटतंय त्याला. या फोल्डरवर भरवसा ठेव म्हणून सांग, उघडंल. मी करून देऊ?"

"नको. तू हात लावू नकोस."

धनेश उठला. मग चहा आणतो म्हणून खाली उतरला.

तिच्या मनात पाल कधीचीच चुकचुकत होती. हे काम देणारा साजगावच्या कारखान्याचा साहेब हल्ली फक्त धनेशलाच फोन करायचा, आणि हा पठ्ठ्या बोलायला गॅलरीत जायचा. आज तर खात्रीच पटली, हा काम एकटाच लाटणार. प्रोग्रॅमची मूळ प्रत इंटरनेटवर सर्व्हरवर असायची. कोणी कधी काय बदललं, ते तिथं नावानिशी दिसायचं. तिथं शिरायची परवानगी दोघांनाच. फराहनं मोबाईलवर सर्व्हर उघडला आणि धनेशचं नाव काढून टाकलं. बरं वाटलं तिला, खोटं कशाला बोला!

मग तिनं कॉम्प्युटरला सांगितलं, ठेव भरवसा. पासवर्ड दिला. फोल्डर सर्व्हरशी पुन्हा जोडलं गेलं आणि सगळ्या नोंदी खाली आल्या. सर्वांत वरची धनेशची होती, मशीन पुसलं त्या दिवशीची.

"फराहचं अर्धवट काम, जसंच्या तसं. मशीन पुसायच्या आधी वर चढवलंय. ती येईपर्यंत कोणी हात लावू नये."

तिनं दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. एक ओळ इकडची तिकडे नव्हती. आणि कोणी म्हणजे कोण? दोघांशिवाय तिथं होतंच कोण? या बाबानं स्वतःलाच बजावलं होतं.

फराहला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं घाईघाईनं त्याचं नाव परत घातलं. तोवर जिन्यात पावलं वाजलीच.

धनेशनं चहाचे ग्लास टेबलावर ठेवले. त्याचा मोबाईल वाजला. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, मग मोठ्यानं वाचून दाखवलं.

"फराह यांनी तुम्हाला या कामात सहभागी होण्याचं निमंत्रण दिलं आहे. स्वीकारता का?"

"अरे, ते चुकून..." फराह म्हणाली.

धनेशनं मोबाईल खिशात घातला. तिचा ग्लास तिच्यापुढं सरकवला.

"इचार करून सांगतो," तो म्हणाला.