थोरल्या पाळकांची शंका

"लिही," अंथरुणावरून थोरले पाळक म्हणाले. "देव आहे की नाही, याचीच मला शंका येते."

धाकट्या पाळकांचं पेन वहीवर थांबलं. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत रीतच होती. माणूस जायला टेकला की पाळकानं त्याच्या विश्वासाची शेवटची साक्ष लिहून घ्यायची आणि दफनाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचायची. पण इथे साक्ष देणारे त्यांचे वडील होते. चाळीस वर्षं ज्यांनी या मंडळीला देवावर भरवसा ठेवायला शिकवलं, त्यांनी ऐन शेवटी हे काय काढलं!

बाहेरच्या खोलीत भेटायला आलेल्या दोघी बसल्या होत्या. धाकट्यांनी चटकन उठून दार लावलं.

"बाबा, औषधाची गुंगी आहे तुम्हाला."

"गुंगी कसली डोंबलाची! प्रार्थना करतो आणि छताशी बोलल्यासारखं वाटतं. तुला नाही होत कधी तसं?"

धाकट्यांना अगदी तसंच होत होतं. सहा दिवसांच्या लेकीला त्यांनी स्वतःच्या हातानं माती दिली होती, तेव्हापासून. दोन वर्षं झाली त्याला. दर रविवारी ते घसा फोडून उपदेश करत, लोक डोळे पुसत, आणि घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून पडत. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"कधीच नाही," ते म्हणाले.

"एकदाही?"

"एकदाही नाही."

थोरल्यांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "नशीबवान आहेस," असं म्हणून त्यांनी कूस बदलली.

पुढचे तीन दिवस धाकट्यांनी उशापासून हलायचं नाव घेतलं नाही. बुडत्या माणसाला वर ओढावं तशी त्यांनी बायबलमधली वचनांमागून वचनं वाचली, तीही मोठ्यानं.

"अरे, मी आजारी आहे, बहिरा नाही," थोरले एकदा वैतागले. "आणि उपदेश कसले करतोस? मीच शिकवलेत तुला ते. जरा माझ्याशी बोल की. प्रभूनंसुद्धा क्रूसावरून देवाला जाब विचारला. आपण दोघांनी विचारला तर काय बिघडलं?"

"माझं नाव कशाला त्यात?" धाकटे जरा जोरातच बोलले.

आई औषध घेऊन आली होती, ती दारातूनच मागे फिरली.

पाचव्या दिवशी सकाळी थोरल्यांनी मुलाचं मनगट धरलं. हातात जोर उरला नव्हता.

"शेवटचं विचारतो. काहीच नाही सांगायचं तुला?"

अगदी ओठांपर्यंत आलं होतं. बोलून टाकावं, त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडावं, असं धाकट्यांना फार वाटलं. पण बाप आधीच डळमळलेला, त्याच्यावर आपलं ओझं कुठे टाकायचं? आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली.

"काही नाही, बाबा. तुम्ही विश्वास धरा."

थोरल्यांनी मनगट सोडलं. दुपारी ते गेले.

संध्याकाळी धाकट्यांनी वहीत लिहिलं, 'शेवटच्या श्वासापर्यंत त्यांचा विश्वास अढळ होता.' लिहिलं खरं, पण ते त्यांना पचेना. ते उठून स्वयंपाकघरात गेले. आई औषधाचे पेले विसळत होती.

"आई, मी साक्षीत खोटं लिहिलंय. बाबा शंका मनात ठेवूनच गेले. मी त्यांना सावरू शकलो नाही."

"त्यांना कसली आलीय शंका?" आई वळलीसुद्धा नाही. "त्यांची शंका तू पाळण्यात होतास तेव्हाच मिटली. चांगली सात वर्षं भोगून मिटली. काल रात्रीसुद्धा माझा हात धरून प्रार्थना केली त्यांनी, हसत होते."

"मग माझ्याशी असं का बोलले?"

आईनं पेला पालथा घातला आणि ओले हात पदराला पुसले.

"बाळ गेल्यापासून तू कशी प्रार्थना करतोस, ते त्यांना ऐकू येत नव्हतं होय रे? म्हणाले, पोरगा एकटाच कुढतोय, आपणहून बोलायचा नाही. मीच आधी बोलतो, म्हणजे त्याला धीर येईल."