निरोपाचा दणदणाट

वर्तमानपत्रातली नोकरी सोडणाऱ्याला टेबलं बडवून निरोप द्यायची कार्डिफच्या त्या कचेरीची रीतच, आणि आज मोइरा निवृत्त होत होती. कुणी कपाने, कुणी चक्क बुटाने, नुसता दणदणाट! "लेखिकाबाई, पुढच्या पुस्तकात मला देखणा दाखवा हं!" क्रीडापानावरचा ह्यू ओरडला. मोइरा हसली. तिची जुनी मैत्रीण ग्लेनिस मात्र वाजवायला पोलादी फूटपट्टी समोर असूनही हाताची घडी घालून बसलेली. "तू नाही वाजवणार, ग्लेन?" मोइराने विचारलं. "तुझी कादंबरी आईने वाचली," ग्लेनिस म्हणाली. "मरेपर्यंत विचारत होती, त्यातली वेडी बाई मीच का गं?" मैत्रिणीने आईबद्दल विश्वासाने सांगितलेलं मोइराने फक्त नावं बदलून छापलं होतं. "चुकलं गं माझं," ती पुटपुटली. तेवढ्यात दणदणाट आणखी वाढला. "काय?" ग्लेनिसने ओरडून विचारलं. मोइराची जीभ रेटेना. "काही नाही," ती म्हणाली.