कुणाच्याही कडेवर

इरा सापडली तेव्हा हसत होती.

चेंगदूच्या रेल्वे स्टेशनवर, एका अनोळखी बाईच्या मांडीवर. बाई तिला संत्र्याच्या फोडी भरवत होती. शेजारच्या आजोबांनी आपली लोकरी टोपी तिच्या डोक्यावर चढवली होती. आजूबाजूला बॅगा, खोकी, माणसं, माणसांवर माणसं. आणि मधोमध इरा, लग्नघरातल्या लाडक्या भाचीसारखी. विभा रडत, धडपडत तिच्यापुढे येऊन उभी राहिली. इराने तिच्याकडे हात पसरले. लगेच.

जशी त्या बाईकडे गेली असेल, तशीच आली.

"सुटलो बुवा!" देवदत्त धापा टाकत मागून आला. पोलिसाला, त्या बाईला, आजोबांना, सगळ्यांना त्याने वाकून वाकून नमस्कार केले. मग बायकोला म्हणाला, "आणि रडली नाही बघ! वाघीण आहे आपली."

"रडली नाही," विभा म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

"मीपण तेच म्हणतेय, देवदत्त. रडली नाही."

*

नसती हौस होती. चायनीज न्यू इयरच्या सुट्टीत चीनला जायचं नसतं, असं चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात देवदत्तला त्याच्या चिनी मित्रांनीच बजावलं होतं. अख्खा देश आपापल्या गावी निघालेला असतो, तुम्ही कुठे मध्ये कडमडताय? पण डिसेंबरात साताऱ्याच्या संस्थेतून चार वर्षांची इरा घरी आली, तेव्हापासून तिला काय दाखवू आणि काय नको असं दोघांना झालं होतं. पांडा दाखवायचा होता. पांडा झोपलेला निघाला. इरा म्हणाली, "झोपू दे त्याला."

गुणी मुलगी.

हा शब्द आता विभाला टोचायला लागला होता. लिफ्टमध्ये शेजारणीने हात पुढे केला की इरा तो धरायची. विमानात हवाई सुंदरीच्या कडेवर जायची. उतरताना टॅक्सीवाल्याला पापी द्यायची. सासूबाई व्हिडिओ कॉलवर कौतुकाने म्हणाल्या, "नाहीतर आमचा हा! मी बाथरूमला गेले तरी दाराबाहेर भोकाड. शेजारीपाजारी विचारायचे, अहो, मारता का पोराला?"

देवदत्त लाजून हसला. विभाला हेवा वाटला. सासूबाईंचा. त्या भोकाडाचा. त्या दाराचासुद्धा.

संस्थेतल्या मावश्या प्रेमळ होत्या. पण त्यांच्या पाळ्या असत. एक यायची, न्हाऊमाखू घालायची, जायची. मग दुसरी यायची. इरा त्यातून एवढंच शिकली होती. आलेला हात धरायचा. सुटला की सोडायचा. पुढचा येतोच.

म्हणजे आपण पोहोचलोच नसतो, तर संत्रं संपल्यावर ती त्या बाईबरोबर गाडीत चढली असती. हसत. खिडकीतून हात हलवत. आणि आपल्याला

विभाने पुढचं वाक्य मनात येऊ दिलं नाही.

*

परतीच्या विमानात इराने विचारलं, "तू पळत का होतीस?"

"कधी गं?"

"तिकडे. गर्दीत. रडत होतीस."

"तुला शोधत होते ना."

तोंडाकडे निघालेलं बिस्कीट वाटेतच थांबलं. "मला?"

"मग? तुलाच."

इराने बिस्कीट खाल्लं नाही. ठेवलंही नाही. ते हातात धरून ती खिडकीबाहेरचे ढग बघत बसली.

*

टॅम्पिनीसमधलं घर. सुट्टी संपली. ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या नर्सरीत इराचा पहिला दिवस.

दारात एक मुलगा आईच्या पायाला मिठी मारून बसला होता. आई हैराण. तिने इराकडे पाहिलं, मग विभाकडे. तिथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "यू सो लकी, ला."

विभाने मान डोलावली. दुसरं काय करणार?

मिस लिम बाहेर आल्या, वाकल्या, हात पुढे केला. इराने धरला. धरणारच. विभा बाय म्हणाली आणि वळली. लिफ्टकडे चालू लागली. फोन वाजला. देवदत्तचा मेसेज: "रडली का?"

तिने लिहिलं, "नाही. ती रडत ना

मागून एक किंकाळी आली.

विभाला कळेना, हा आवाज कुणाचा. तिने तो कधी ऐकलाच नव्हता. चिरका, फाटलेला, ब्लॉकच्या खांबांवर आदळणारा. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. विभाने वळून पाहिलं.

इरा पळत येत होती. एका पायात बूट, दुसऱ्यात नाही. नाकातून शेंबूड, वेणी सुटलेली. ती येऊन विभावर आदळली आणि दोन्ही मुठींनी तिला बडवायला लागली. पोटावर, मांडीवर, मिळेल तिथे.

"कुठे जातेस? कुठे जातेस तू? ती नको! तू! तूच!"

विभा तिथेच फरशीवर बसली. मार खात बसली. मग बडवणाऱ्या मुठी उघडल्या आणि गळ्याभोवती अशा आवळल्या, की विभाला श्वास घेता येईना. तिला तो घ्यायचाही नव्हता.

राहिलेला बूट घेऊन मिस लिम मागून आल्या. त्यांच्या मनगटावर दातांचे ताजे ठसे होते. आपलंच काहीतरी चुकलं अशा चेहऱ्याने त्या म्हणाल्या, "सॉरी, ममी. यू डोन्ट वरी, ला. थोडे दिवस होतं असं. मग सवय होते. मग मुलं रडत नाहीत."

विभाने पोरीच्या केसांत तोंड खुपसलं. रडण्याचा आवाज तिच्या कानाशी चालूच होता, मोठा, हट्टी, कुणाला न जुमानणारा.

"काही घाई नाही," ती म्हणाली. मराठीतच.