जाळीपलीकडचा आवाज

तपकिरी कोटवाला आजही मागे होताच. कासिल्दा तटातल्या वेशीतून आत शिरली, तिच्यापाठोपाठ तोही शिरला. अंतर वीस पावलांचं, ना कमी ना जास्त.

सोमवारी भर दुपारी एलोय घड्याळजीचा खून करून पळणारा परगावचा माणूस अख्ख्या आविला शहरात तिनं एकटीनंच पाहिला होता. उद्या कोर्टात जबानी. कारकून म्हणाला होता, "घाबरू नका बाई, आमची नजर आहे तुमच्यावर." सरकारी माणसाचं बोलणं ते, बोलाचीच कढी! हा कोटवाला काही खुनी नव्हे; पण त्याचा साथीदार असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

ती जवळजवळ पळतच कॅथेड्रलमध्ये घुसली. दर गुरुवारी बाराला ती इथं फादर इलारियोंकडे पापांची कबुली द्यायला यायची. पलीकडच्या लाकडी कबुलीघरासमोर एक म्हातारा गुडघे टेकून बसला होता. त्याची म्हातारी बाजूच्या जाळीशी आपल्या पाळीची वाट बघत होती.

फादर इलारियोंच्या कबुलीघराचा पडदा ओढलेला होता. कासिल्दा नेहमीसारखी बाजूच्या जाळीशी टेकली.

"बोल," आतून आवाज आला. पार बसलेला. गेल्या गुरुवारी फादर सारखे शिंकत होते, ती सर्दी छातीत उतरली म्हणायची.

तिनं भडाभडा सगळं सांगून टाकलं. खून, कोर्ट, तपकिरी कोट.

"चेहरा नीट पाहिलास?"

"लाखात ओळखीन, फादर."

"कुणाला सांगितलंस, कसा दिसतो ते?"

"अजून कुणाला नाही. उद्याच सांगायचं."

मग आवाज मऊ झाला.

"भिऊ नकोस, पोरी. उठ, अशी समोर ये. पडद्यापाशी टेक. आशीर्वाद देतो."

कासिल्दा उठता उठता थबकली. तिची आजी, तिची आई, ती स्वतः, साऱ्या जन्मभर या जाळीशीच टेकल्या होत्या. समोर टेकायचं ते पुरुषांनी. फादर इलारियो एक वेळ जीव देतील, पण बाईमाणसाला समोर बोलावणार नाहीत.

"आले, फादर," ती म्हणाली.

ती उठली. खांबाआड तपकिरी कोटवाला उभा होता, वीस पावलांवर. आमची नजर आहे तुमच्यावर, कारकून म्हणाला होता. मागे पडद्याच्या कड्या वाजल्या. कासिल्दा मागे न बघता सरळ त्याच्याकडे चालत गेली आणि तिनं त्याच्या कोटाची बाही दोन्ही हातांनी गच्च धरली.