बिनदाढीची सकाळ

"बाबांची दाढी वाढलीय ताई, जरा बघा," बाबा रोज जात त्या वाचनालयाचा शिपाई म्हणाला, तेव्हा कडेवरच्या तापलेल्या बाळाला थोपटत ती हसली होती. "निवृत्त माणसानं कुणासाठी करायची, काका?" फौजेत वीस वर्षं, सरकारी कचेरीत अठरा, बाबांची एकही सकाळ बिनदाढीची नाही, तिच्या लग्नात रडलेसुद्धा गुळगुळीत गालांनी. बाबांच्या शोकसभेत त्यांच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "यांचा गाल आणि यांची फाईल, दोन्ही शेवटपर्यंत स्वच्छ." मागून कुजबूज आली, "आटपा, चहा निवतोय." तिला किळस आली, साहेबांची, चहाची, सगळ्यात जास्त स्वतःच्या हसण्याची. पर्समध्ये बाबांचा गंजलेला वस्तरा होता. डॉक्टर म्हणाले होते, पक्षाघाताच्या लहान झटक्यानं बाबांचा उजवा हात जाण्याच्या तीन आठवडे आधीच लुळा पडला असणार. साहेबांनी माइक दिला. ती एवढंच म्हणाली, "तुमच्याकडे रोज दाढी करणारं कुणी असेल, तर आजच त्याच्या गालावरून हात फिरवून या."