वोल्गाची चाकं कोणी लावली

"एकाहत्तर," आबा म्हणाले.

साल्किनला पट्टीवर चौऱ्याहत्तर दिसत होते. ती सासऱ्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसली होती, हातात कागद-पेन्सिल घेऊन. तिनं काहीच लिहिलं नाही.

काराकोलच्या त्या अंगणात जुनी वोल्गा गाडी सकाळपासून उभी होती. दोन्ही बाजूंनी मासेमारीचा दोरा ताणून बांधला होता. पुढची चाकं सहज वळावीत म्हणून त्यांच्याखाली लिनोलियमचे तुकडे होते, मध्ये ग्रीस. दोऱ्यापासून चाकाच्या पुढच्या कडेचं अंतर घ्यायचं, मग मागच्या कडेचं. पुढचं एका मिलिमीटरनं जास्त भरलं पाहिजे. चाकं पुढून एवढी आत झुकली की गाडी नाकासमोर चालते. हे तिला आबांनीच शिकवलं होतं. अकरा वर्षं ती त्यांच्या हातात पाने-पकडी देत आली होती. दोऱ्याला हात मात्र त्यांनी कोणालाच लावू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांचा मेळा होता. बंद पडलेल्या धावपट्टीवर गाडी वेगात आणायची, पांढऱ्या पट्ट्यावर स्टिअरिंग सोडायचं आणि चारशे पावलांवर ती बाजूला किती सरकली ते मोजायचं. आबा नऊ वर्षं पहिले येत होते. यंदा पोबेदा गाडीवाल्या बोरुबायनं भर बाजारात त्यांना टोमणा मारला होता, "म्हाताऱ्या, मोतीबिंदू पिकलाय तुझा. चाकं लावायला ने गाडी मशीनवाल्याकडे." आबांना लांबचं स्वच्छ दिसे. जवळचे आकडे मात्र दुधात पडल्यासारखे होत.

"लिहिलंस का?"

"चौऱ्याहत्तर आहेत, आबा."

सासऱ्याचं बोलणं तिनं आजवर कधी खोडलं नव्हतं. आबांनी पट्टी डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. मग ती तिच्यापुढे केली.

"धर. पण कोणाला बोलू नकोस."

साल्किननं चारही अंतरं घेतली. गाडीखाली उताणी सरकली आणि स्टिअरिंगच्या आडव्या दांड्यावरची नळी पाव फेरा फिरवली. बाहेर येऊन गाडी नीट बसावी म्हणून बॉनेट दोनदा दाबलं, पुन्हा मोजलं. डावं चाक बसलं, तर उजवं बिघडलं. आबा तिपाईवर बसून विचारत राहिले आणि ती आकडे सांगत राहिली. दुपारी तेच म्हणाले, "बास झालं. चालेल."

"नाही चालणार. स्टिअरिंग केसभर वाकडं राहिलंय. पहिल्यापासून करते."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं हे वाक्य त्या अंगणात फक्त त्यांचं होतं. ते उठले आणि चहा ठेवायला आत गेले.

मेळ्याच्या दिवशी साल्किन दोरखंडाच्या अलीकडे, चहाच्या समोवारापाशी, बायकांमध्ये उभी होती. गाड्यांकडे बायका जात नसत. बोरुबायची पोबेदा दीड पाऊल सरकली. मग वोल्गा आली. पांढऱ्या पट्ट्यावर आबांनी दोन्ही हात खिडकीबाहेर काढून वर केले. साल्किनच्या हातातला पेला तसाच राहिला. गाडी गेली, गेली आणि चारशेव्या पावलावरून पुढे निघून गेली. पंच वाकला, टेप धरली, पुन्हा धरली.

"चार बोटं!" तो ओरडला. नऊ वर्षांत एवढं कमी कधी भरलं नव्हतं.

बोरुबायनं येऊन आबांना मिठी मारली. "हरलो, उस्ता! गरुडाची नजर आहे तुझी अजून!"

आबा हसले. वीसेक माणसं भोवती जमली होती. साल्किन जागची हलली नाही. एवढ्यावर सगळं छान मिटलं असतं.

"नजर माझी नाही," आबा म्हणाले. "चाकं माझ्या सुनेनं लावली. साल्किन, इकडे ये, पोरी."

ती दोरखंड ओलांडून आली. हशा पिकला.

"सुनेनं?" बोरुबाय म्हणाला. "मग घरात चहा काय तू करतोस?"

"काल मीच केला. अगदी वाईट झाला. पण तुझ्या पोबेदापेक्षा सरळ होता."

आता हसू बोरुबायवर उलटलं. पंचानं वही उघडून साल्किनचं नाव लिहिलं. "आणि उस्ता कोण? शिकवलं कोणी? ते कारागिरानंच सांगायचं असतं."

साल्किननं मान खाली घातली. बायका डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून पाहू लागल्या. सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, ही तिथली रीत. त्यांच्याच नावाचा एक पोरगा शेजारी होता, त्यालाही ती 'अरे, धाकट्या' अशीच हाक मारी.

"तिला कसं जमेल?" बोरुबाय पुढे झाला. "मी सांगतो, लिहा."

आबांनी हात आडवा धरला. "थांब. ती सांगेल." ते तिच्याकडे वळले. "घरात तू सून आहेस, पोरी. इथं कारागीर आहेस. घे नाव."

साल्किननं मान वर केली. तिच्या नखांत अजून ग्रीस होतं. तिनं सासऱ्यांच्या डोळ्यांत सरळ पाहिलं आणि साऱ्या धावपट्टीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"उस्ता मुकाश."