नफ्याची नोटीस

स्वरूपला फायदा झाला होता चार लाख दहा हजारांचा. आयकराची नोटीस आली ती त्याचीच.

फायदा झाला त्या दिवशी मालवणात त्याने सतरा जणांना सुरमईची थाळी घातली होती. तोटा झाला तेव्हा मात्र तो एकटाच जेवला. मोबाइलवरच्या पहिल्या क्रिप्टो नाण्यात दोन लाखांचे सहा झाले. ते सगळे उचलून त्याने दुसऱ्या नाण्यात टाकले. तीन आठवड्यांत ते नाणं असं बसलं, की सगळं विकून बांगडा मासळीची एक टोपली आली नसती. हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. घरी फक्त थाळी ठाऊक होती.

आता तो कुडाळला कर सल्लागार विनीताबाईंच्या टेबलासमोर बसला होता. शेजारी वडील, बाळा. गणपतीत घालायचा पांढरा शर्ट, आणि रापणीची, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्याची, दोरी ओढून ओढून जाड झालेले हात गुडघ्यांवर. एका पत्रावर बाळाची सही लागणार होती, एवढंच सांगून स्वरूपने त्याला आणलं होतं.

"नफा चार लाख, तोटा सहा," स्वरूप हळूच म्हणाला. "म्हणजे नफा नाहीच ना, मॅडम?"

"तुमच्या हिशेबात नाही. कायद्याच्या हिशेबात एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. तीस टक्के कर, वर सेस. विक्रीवर आधीच कापलेला एक टक्का सोडून, भरायचे एक लाख एकवीस हजार आठशे वीस."

तोटा हा शब्द बाळा पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने मुलाकडे पाहिलं नाही. बाईंना विचारलं, "सरकार हेका पैसो मानता?"

"नाही, काका. रिझर्व्ह बँक तर सांगून थकली, याच्या नादाला लागू नका."

"मानीत नाय, आणि वाटो घेता?"

"फक्त नफ्यात."

"आमच्या रापणीत फाटलेल्या जाळ्याचो खर्च आधी काढतत, मगे वाटे घालतत."

"रापण तुम्ही चालवता, काका. हे दिल्लीहून चालतं." बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढचा कागद काढला. "आता मूळ दोन लाखांचं. ते तुमची ठेव मोडून याच्या खात्यात आले. तुम्ही खुशीने दिले, असं पत्र जोडायचंय."

कागद होता बँकेतल्या अर्जाची नक्कल.

दीड वर्षापूर्वी बापाच्या नावाने तो अर्ज स्वरूपनेच भरला होता. सहीही त्यानेच ठोकली होती. बाळाची सही म्हणजे चौथीत शाळा सोडलेल्या माणसाची, नाव लिहिलं की संपली. स्वरूपने स्वतःच्या सहीच्या सवयीने तिच्याखाली रेघ ओढली आणि रेघेखाली दोन टिंबं दिली. लक्षात आलं तोवर अर्ज खिडकीतून आत गेला होता. शाखेतले साहेब केबिनमधून बाहेर येऊन सगळ्यांदेखत बोलले होते, "बापाने जाळ्यासाठी ठेवलेले पैसे त्या नाण्यांत घालतोस? शोभतं तुला?" तरी तासाभरात पैसे खात्यात पडले. साहेबाला कसा गुंडाळला, ही गोष्ट त्याने थाळीबरोबर सतरा जणांना वाढली होती.

"काका, अर्जावरची सही तुमचीच ना?" विनीताबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नसेल तर आत्ताच सांगा. मग हे प्रकरण माझ्याकडचं नाही, पोलिसांकडचं. असेल तर पत्रावर अगदी तशीच करा. फरक दिसला की पुन्हा नोटीस."

बाळाने खिशातून चष्मा काढला. नक्कल जवळ ओढली आणि बराच वेळ पाहिली. भिंतीवरचा पंखा मान फिरवून दोनदा येऊन गेला. मग त्याने पेन घेतलं आणि सावकाश नाव लिहिलं. हात उचलला नाही. नावाखाली रेघ ओढली. रेघेखाली एक टिंब दिलं. मग दुसरं.

"माझीच," तो म्हणाला.

एसटी स्टँडवर मालवणची गाडी लागायची होती. स्वरूपला बापाच्या तोंडाकडे बघवेना.

"बाबा, तुमका कधीपासून खबर?"

"त्याच दिवशी. बँकेच्या सायबाचो फोन इल्लो. म्हणालो, सही तुमची दिसणा नाय, पैसे थांबवू? मी सांगितलंय, माझीच आसा."

"नाय म्हणूचा होता, बाबा!"

"नाय म्हटलेला असता, तर माझो झील चोर ठरलो असतो."

गाडी लागली. बाळाने खिडकीची जागा मुलाला दिली आणि स्वतः कडेला बसला. "सांजे गुरुदासाकडे जातंय. माझो रापणीतलो वाटो तो कधीपासून इकत मागता हा."

"मगे तुमी रापणीर जावचास नाय?"

"जातलंय तर! वाटो नसलो तरी दोरयेक हात लावणाऱ्याक कालवणापुरते बांगडे देतत."

कंडक्टर आला. स्वरूपने खिसे चाचपले, तोवर बाळाने दोन तिकिटं काढलीसुद्धा.

या नाण्याला सरकार नको म्हणत होतं. रिझर्व्ह बँक नको म्हणत होती. शाखेतल्या साहेबाने तर फोन करून नको म्हटलं होतं. सगळ्यांत मिळून हो म्हणणारा एकच निघाला, आणि त्याला त्या नाण्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. आता कर भरणारही तोच.